जुना स्ट्रॅटेजी गेम नव्या मशीनवर परत आणताना: हक्कांपासून रिलीजपर्यंत

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा स्ट्रॅटेजी गेम परत रिलीज करायचा म्हटलं की जो तो पहिली उडी ग्राफिक्सवर मारतो. फोर-के करू, झाडं नवीन काढू, पाण्यात सावल्या पाडू. मी या कामात बरीच वर्षं हात काळे केलेत, थोडं पगारी आणि बरंचसं हौसेचं, आणि माझं मत आता पक्कं झालंय की ग्राफिक्स हे सगळ्यात शेवटचं काम आहे. लोक पैसे मोजतात ते लहानपणी खेळलेल्या त्याच गेमसाठी, म्हणजे त्यांचा टँक तेव्हा ज्या वेगाने वळायचा त्याच वेगाने आजही वळला पाहिजे. तेव्हा पूर्ण लेखभर एकच सूत्र धरून चाललोय: गेमच्या मेंदूला हात लावायचा नाही, त्याच्या भोवतीचं सगळं बदलायचं.

आधी कागद, मग कोड

"गेमचे हक्क घेतले" असं वाक्य ऐकलं की मी लगेच विचारतो, नक्की कशाचे? कोडचे वेगळे, नावाचे वेगळे, संगीताचे वेगळे, आवाज दिलेल्या कलाकारांचे करार वेगळे, आणि व्हिडिओ चालवणारी बिंक किंवा आवाजाची माइल्स यांसारखी बाहेरून विकत घेतलेली लायब्ररी (दुसऱ्याने तयार करून ठेवलेला कोड) असेल तर तिचं लायसन्स आणखी वेगळं. होमवर्ल्डचंच बघा. मूळ गेम १९९९चा, पब्लिशर टीएचक्यू दिवाळखोरीत गेल्यावर २०१३च्या लिलावात हक्क गिअरबॉक्सकडे आले आणि २०१५मध्ये रीमास्टर, म्हणजे जुनाच गेम नव्या रूपात, आला. पण याच मालिकेतला कॅटॅक्लिझम हा भाग २०१७मध्ये परत विक्रीला आला तेव्हा त्याचं नाव होमवर्ल्ड: इमर्जन्स करावं लागलं, कारण कॅटॅक्लिझम या शब्दाचा ट्रेडमार्क मधल्या काळात ब्लिझार्डकडे गेला होता. गेम तुमचा, नाव दुसऱ्याचं!

म्हणून पहिल्या आठवड्यात एक साधा तक्ता करा. गेमच्या फोल्डरमधली प्रत्येक डीएलएल (गेम चालताना लागणाऱ्या कोडची वेगळी फाइल), प्रत्येक फॉन्ट, प्रत्येक गाणं एकेका ओळीवर, आणि पुढे तीन रकाने: कोणी बनवलं, करार कुठे आहे, आणि नसेल तर त्याच्या जागी काय घालणार. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण घोडं नेहमी इथेच अडतं. ईएने २०२५मध्ये कमांड अँड कॉन्करच्या जनरल्सचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड, जीपीएल या खुल्या लायसन्सखाली सगळ्यांना दिला तेव्हा बाहेरच्या लायब्ररी त्यात नव्हत्याच, ज्याला बिल्ड करायचंय (कोडपासून चालणारा गेम बनवायचाय) त्याने त्या स्वतः आणायच्या किंवा पर्याय शोधायचा. त्या गेमच्या मूळ मालकालाही हे चुकलं नाही तर तुम्हाला कुठून चुकणार.

सोर्स आहे का, आणि असला तर तो बिल्ड होतो का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ची एचडी आवृत्ती २०१५मध्ये आली पण त्यात नुसता मूळ गेम होता, नंतर आलेले दोन्ही जोडभाग (एक्स्पान्शन) गायब, कारण त्यांचा सोर्स कोड हरवलेला. चाहत्यांचा हिरमोड झाला तो झालाच, आणि बरेच जण आजही जुनी आवृत्तीच चाहत्यांनी केलेला एचडी मॉड लावून खेळतात.

आणि सोर्स मिळाला म्हणून पेढे वाटू नका. पहिलं काम, जुना कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन) एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, बसवायचा आणि एक अक्षरही न बदलता बिल्ड करून बघायचा. तयार झालेली एक्झी (गेम चालवणारी फाइल) दुकानात विकल्या गेलेल्या एक्झीसारखी वागते का? बऱ्याचदा नाही वागत, कारण हातात आलेला कोड शेवटच्या पॅचच्या (विक्रीनंतर दिलेल्या दुरुस्तीच्या) आधीचा असतो. मग शेवटच्या पॅचमध्ये काय काय बदललं होतं ते जुन्या रीडमी फाइलमधून एकेक करून परत घालावं लागतं. मी एकदा हे न तपासता तीन आठवडे पुढे गेलो आणि नंतर कळलं की एका युनिटची किंमतच वेगळी आहे. तीन आठवडे पाण्यात.

रस्ता कुठला धरायचा

ढोबळमानाने चार वाटा आहेत.

गेम डॉसचा (विंडोजच्या आधीच्या सिस्टमचा) असेल आणि सोर्स नसेल तर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गुंडाळून द्यायचा. डॉसबॉक्स २००२पासून आहे, जीओजीसारख्या दुकानांत डॉसच्या काळातले कितीतरी गेम असेच मिळतात. एक लक्षात ठेवा, डॉसबॉक्स जीपीएलखाली आहे, तेव्हा त्यात बदल करून विकत असाल तर ते बदल सोर्ससकट द्यावे लागतात. सायकल्सची सेटिंग (नकली मशीन किती वेगाने चालवायचं ती) मॅक्सवर टाकून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि वळणावळणाने खेळायच्या गेमला ते चालूनही जातं, कॉम्प्युटरची चाल पटकन होते. पण ड्यून २सारख्या रिअल-टाइम गेमला ३०००पासून सुरू करून हळूहळू वर चढवा, प्रत्येक टप्प्यावर एक मिशन खेळा, आणि जिथे माउस अडखळायचा थांबतो तिथेच थांबा.

विंडोज ९५-९८चा गेम असेल आणि सोर्स नसेल तर रॅपर. म्हणजे गेमला वाटतं तो जुन्या डायरेक्टड्रॉशी (विंडोजच्या तेव्हाच्या चित्र काढणाऱ्या भागाशी) बोलतोय, मध्ये बसलेली डीएलएल ते सगळं आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजेल असं करून सांगते. सीएनसी-डीड्रॉ आणि डीजीवूडू ही दोन नावं या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात.

तिसरी वाट, सोर्स आहे तर खरंखुरं पोर्ट, म्हणजे तोच कोड नव्या मशीनवर चालेल असा करायचा. आणि चौथी, इंजिन नव्याने लिहायचं आणि चित्रं-आवाज मूळ गेमचे वापरायचे, जसं ट्रान्सपोर्ट टायकूनसाठी ओपनटीटीडी, एक्स-कॉमसाठी ओपनएक्सकॉम, हीरोज ३साठी व्हीसीएमआय. ही चौथी वाट ऐकायला फार मर्दुमकीची वाटते पण तिला वर्षं लागतात. हातात मुदत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

गेम निदान सुरू तरी करा

इथले अडथळे ठरलेले आहेत, भराभर सांगतो. चौसष्ट बिटचं विंडोज सोळा बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि गंमत अशी की नव्वदच्या दशकातले कितीतरी गेम स्वतः बत्तीस बिटचे असतात, त्यांचा इन्स्टॉलर मात्र सोळा बिटचा. म्हणजे गेम चालेल, पण तो डिस्कमधून बाहेरच येणार नाही. इन्स्टॉलर नवा लिहा, तासाभराचं काम आहे.

सीडीची कॉपी-प्रोटेक्शन काढावीच लागते. सेफडिस्क या तेव्हाच्या प्रोटेक्शनचा ड्रायव्हर विंडोज १०मध्ये चालत नाही, आणि जुन्या विंडोजवरही मायक्रोसॉफ्टने २०१५च्या एका सिक्युरिटी अपडेटने तो बंद केला. सेव्ह फाइल गेमच्याच फोल्डरमध्ये लिहायची जुनी सवय आता प्रोग्रॅम फाइल्समध्ये चालत नाही, विस्टापासून विंडोज त्या फाइल्स गुपचूप दुसऱ्याच जागी वळवतं आणि खेळणारा "माझा गेम सेव्ह झाला होता हो, गेला कुठे" म्हणत बसतो. सेव्ह सरळ युजरच्या फोल्डरमध्ये न्या.

संगीताचंही असंच. टोटल अॅनायहिलेशनसारख्या गेमचं संगीत सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असायचं, डेटा तेवढा कॉपी केला की गेम मुका होतो. ट्रॅक काढून ऑग फाइल करा आणि सीडी वाजवणारा कॉल अडवून त्या फाइलकडे वळवा.

आणि रंग. विंडोज ७वर एज ऑफ एम्पायर्स २ लावून ज्यांनी गवत जांभळं झालेलं पाहिलंय ते हसतील. गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर (ठरलेल्या रंगांच्या यादीवर) चालतो, आणि डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर त्याच पॅलेटमध्ये लुडबुड करतो. तेव्हा लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचे आणि मग गेम लावायचे! घरी ठीक आहे, पण विकत दिलेल्या गेममध्ये असलं काही सांगता येत नाही. पॅलेट स्वतःच्या मेमरीत ठेवा, प्रत्येक फ्रेम बत्तीस बिट रंगात बदलून कार्डाकडे द्या, म्हणजे विंडोजचा संबंधच येत नाही.

वेळेचं गणित, जिथे बहुतेक जण मार खातात

जुन्या गेममध्ये एकाच लूपमध्ये सगळं असतं: माउस वाचा, नकाशा सरकवा, युनिट हलवा, चित्र काढा, परत पहिल्यापासून. तेव्हाच्या मशीनला एका फेरीला जेवढा वेळ लागायचा तोच गेमचा वेग. आजच्या मशीनवर काय होतं ते बघायचं असेल तर माउस स्क्रीनच्या उजव्या कडेला न्या. बोट हलायच्या आत नकाशा दुसऱ्या टोकाला. तुमचा तळ कुठे, तुम्ही कुठे, आणि परत यायला डावीकडे गेलात की तिकडच्या टोकाला!

उपाय असा की लूपचे दोन तुकडे करायचे. गेमचा विचार ठरावीक टिकवर (एक टिक म्हणजे गेमच्या हिशोबाची एक फेरी), मूळ गेममध्ये सेकंदाला १५ असतील तर आजही १५च. चित्र काढायचं काम मात्र मॉनिटरच्या वेगाने, ६० म्हणा, १४४ म्हणा. दोन टिकच्या मधे युनिट कुठे दिसावं हे अंदाजाने काढायचं, पण तो अंदाज फक्त चित्रापुरता, गेमच्या आकड्यांना तो माहीतसुद्धा नसावा. नकाशा सरकवणं आणि माउस चित्राच्या बाजूला टाका, म्हणजे हाताला गेम एकदम हलका लागतो आणि आतलं काहीच बदललेलं नसतं.

माझा स्वतःचा नियम, या टप्प्याला घाई केली तर पुढचं सगळं बोंबलतं. मूळ गेम जुन्या मशीनवर लावा, एक युनिट नकाशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाठवा, स्टॉपवॉच लावा. मग तेच नव्यावर. आकडा जुळेपर्यंत पुढे जायचं नाही.

स्क्रीन

३२० गुणिले २०० हे जुनं रिझोल्यूशन दिसतं तेवढं साधं नाही. ते ४:३च्या काचेच्या मॉनिटरवर पूर्ण पसरायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा उंचीला १.२ पट. आजच्या स्क्रीनवर पिक्सेल चौरस, त्यामुळे तसंच मोठं केलं की सगळं चपटं होतं, गोल रडार अंडाकृती दिसतो. अचूक उपाय आडवं पाच पट, उभं सहा पट, म्हणजे १६०० गुणिले १२००. पण फुल-एचडीची उंची १०८०च, तिथे ते मावत नाही. मग आडवं चार, उभं पाच, १२८० गुणिले १०००. प्रमाणात चार टक्क्यांचा फरक राहतो, डोळ्याला कळत नाही, आणि पिक्सेलच्या कडा स्वच्छ राहतात. ६४० गुणिले ४८०च्या गेमला हा ताप नाही, सरळ दुप्पट करा.

रुंद स्क्रीनवर नकाशा जास्त दाखवायचा का? एकट्याने खेळायच्या गेममध्ये खुशाल. समोर माणूस असेल तर ज्याला जास्त दिसतं त्याला फायदा, म्हणून कमाल किती दिसेल त्याला सगळ्यांसाठी एकच मर्यादा ठेवा. आणि माउस गेमच्या खिडकीत अडकवून ठेवायची सोय द्या, नाहीतर दोन मॉनिटरवाल्याचा कर्सर नकाशा सरकवायला म्हणून कडेला जातो आणि बाजूच्या मॉनिटरवरचा ब्राउजर उघडून येतो, ऐन लढाईत.

मल्टिप्लेअर: सिंक का तुटतं

जुने रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम नेटवर्कवरून युनिट कुठे आहेत ते पाठवतच नाहीत. फक्त हुकूम पाठवतात: "टिक ८००ला हे सहा तिरंदाज तिकडे न्या." प्रत्येक मशीन तेच हुकूम घेऊन तोच हिशोब करतं आणि सगळीकडे तोच निकाल येतो. एज ऑफ एम्पायर्सने २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर आठ जणांची लढाई चालवली ती याच जोरावर. पण अट एकच, हिशोब शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा पाहिजे.

आता माझी फजिती ऐका. एका हौशी प्रोजेक्टमध्ये आम्ही कोड बत्तीस बिटवरून चौसष्टवर नेला, सगळं झकास. मग जुन्या बिल्डवर केलेला रिप्ले (खेळलेल्या लढाईच्या हुकमांची नोंद) नव्यावर लावला, अकरा मिनिटं तंतोतंत, आणि मग एका पुलापाशी एक घोडेस्वार डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळला. बस्स, तिथून पुढे दोन वेगळ्या लढाया, जुन्यात निळा जिंकतो, नव्यात लाल. चार रात्री शोधल्यावर सापडलं की जुना कंपायलर दशांशाचा हिशोब प्रोसेसरच्या जुन्या पद्धतीने, आत ऐंशी बिट ठेवून करायचा आणि नवा चौसष्टच बिटांत, त्यामुळे कोन काढताना शेवटच्या घरात तीळभर फरक. त्या तिळाने घोडा फिरवला! शेवटी कोनाचा हिशोब पूर्णांकांच्या तक्त्यावर नेला आणि तो तक्ता जुन्या बिल्डमधूनच छापून घेतला.

म्हणून पहिल्याच दिवसापासून दर टिकला सगळ्या युनिटच्या आकड्यांचा चेकसम (सगळ्यांवरून काढलेला एकच ताळ्याचा आकडा) लिहून ठेवायची सोय करा, म्हणजे फरक कुठल्या टिकला पडला ते लगेच दिसतं. आणि जुने रिप्ले जमवा, शेकड्यांनी. चाहत्यांकडे मागा, ते आनंदाने देतात. रोज रात्री सगळे रिप्ले नव्या बिल्डवर आपोआप चालवा, यापेक्षा चांगली टेस्ट मला आजवर सापडली नाही.

भेटायची जागाही नवीन लागेल. डॉसच्या काळातला आयपीएक्स (नेटवर्कवर बोलायची जुनी पद्धत) विंडोजमधून विस्टापासून गेला, खेळणाऱ्यांची ऑनलाइन गाठ घालून देणारी गेमस्पायची सेवा २०१४च्या मे अखेरीस बंद झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या लॉब्या (खेळाडू जमायच्या जागा) एका फटक्यात ओस पडल्या. नवीन लॉबी कराल तेव्हा थेट आयपी टाकून किंवा लॅनवर खेळायची सोयही ठेवाच. तुमचा सर्व्हरही एक दिवस बंद होणार आहे.

कुठला बग काढायचा, कुठला ठेवायचा

यावर आमच्यात कायम भांडणं होतात. स्टारक्राफ्ट २०१७मध्ये रीमास्टर झाला तेव्हा एका वेळी बाराच युनिट निवडता येण्याची मर्यादा तशीच ठेवली, ड्रॅगून या युनिटचं वेड्यासारखं भरकटणंही तसंच. बरोबरच केलं, कारण वीस वर्षांचं कौशल्य त्याच अडचणींवर उभं आहे. उलट १९९४च्या डॉसवरच्या एक्स-कॉममध्ये निवडलेली काठिण्यपातळी पहिल्या लढाईनंतर गुपचूप सगळ्यात सोपीवर यायची. तो बग आहेच, काढा, फक्त काढल्यावर सांगा, कारण "मी हा गेम सर्वांत अवघड पातळीवर जिंकलोय" म्हणणारे आता पहिल्या महिन्यात मार खाणार आहेत.

माझी कसोटी सोपी आहे: बग काढल्यावर जुना रिप्ले तुटतो का? तुटत असेल तर ती दुरुस्ती ऑप्शनमध्ये टाका आणि मूळ वागणूक डिफॉल्ट ठेवा. क्रॅश, मेमरी गळणं, सेव्ह खराब होणं, हे मात्र न विचारता दुरुस्त करा.

आता ग्राफिक्स

नवी चित्रं काढा, पण जुन्या युनिटची सावली जेवढ्या घरांवर पडायची तेवढ्याच घरांवर नव्याची पडली पाहिजे. युनिट लांबून काळ्या आकृतीत ओळखू येतं का ते बघा, नुसते बोल्ट आणि गंज वाढवून काही होत नाही. आणि जुनं-नवं बदलायला एकच बटण द्या. स्टारक्राफ्टमध्ये एफ५ आहे, २०२०च्या कमांड अँड कॉन्कर रीमास्टरमध्ये एकट्याने खेळताना स्पेसबार. हे बटण म्हणजे तुमचा सगळ्यात कडक परीक्षक, बनवतानाही रोज दाबत राहा, नव्या चित्रात टँक दोन पिक्सेल सरकलेला असेल तर लगेच उघडं पडतं. मूळ व्हिडिओ चांगल्या प्रतीत मिळाले नाहीत तर एआयने मोठे करता येतात, त्याच रीमास्टरमध्ये तसं केलंय, पण चेहऱ्यांवर लक्ष ठेवा, दात आणि डोळे पहिल्यांदा बिघडतात.

रिलीजच्या आधी

टेस्टला नेहमीच्या मशीनबरोबर मुद्दाम वाकडी मशीन घ्या. ज्याचं विंडोजचं युजरनेम देवनागरीत आहे असं एक हवंच, जुना कोड फोल्डरचं नाव एका बाइटला एक अक्षर धरून वाचतो आणि सेव्ह करताना गपकन बंद पडतो. एक १५० टक्के स्केलिंगवाला लॅपटॉप, एक लिनक्सचं मशीन प्रोटॉनसकट (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम), आणि एक असा माणूस ज्याने हा गेम आयुष्यात पाहिलेला नाही.

जुनी आवृत्ती दुकानातून काढू नका, हे हात जोडून सांगतो. होमवर्ल्डच्या रीमास्टरबरोबर मूळ गेमही दिले होते, लोक खूश. वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्ड २०२०च्या जानेवारीत आला तेव्हा ज्यांनी नवा गेम घेतलाच नव्हता त्यांच्याही जुन्या गेमवर तो अपडेट येऊन बसला, आणि शेवटी रिफंड द्यायची वेळ आली.

राहिलं एक काम, जे रिलीजच्या गडबडीत हमखास राहतं. ज्या मशीनवर शेवटचा बिल्ड झाला त्याची पूर्ण डिस्क इमेज, कंपायलर, सगळ्या लायब्ररी, मूळ आकारातली चित्रं, आणि पहिल्या आठवड्यात केलेला तो हक्कांचा तक्ता, हे सगळं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या कोणाला तरी कोऱ्या मशीनवर उघडून बिल्ड करायला लावा. तुम्ही शेजारी बसायचं नाही. त्याने फोन न करता बिल्ड केला तर रिलीजचं बटण दाबा.